राखीव सलामीवीर

देशांतर्गत स्पर्धा तोंडावर आली असताना संघाचा सलामीचा फलंदाज परदेशातली लीग खेळायला निघून गेला. प्रशिक्षकांनी फोनवर त्याची चांगलीच खरडपट्टी काढली, पण तो बधला नाही. मग त्याच्या जागी त्याचा जुना मित्र सलामीला उतरला. सात वर्षं तो राखीवच होता. मैदानात जायचा तो फक्त पाण्याच्या बाटल्या घेऊन. तिसऱ्याच सामन्यात एक उसळता चेंडू हेल्मेटच्या जाळीतून आत घुसला आणि त्याचा डावा डोळा कायमचा गेला.

फलंदाज परतला तो विमानतळावरून थेट इस्पितळात आला. कॉटशेजारी मित्राची बायको बसली होती. तिच्याकडे बघायची त्याची हिंमतच होईना.

"माझ्यामुळे झालं हे," तो खालमानेनं म्हणाला. "मी जायलाच नको होतं. यापुढे कुणी कितीही बोलावलं तरी इथंच खेळणार. शब्द देतो तुला."

मित्रानं चाचपडत त्याचा हात धरला. "वेड्यासारखं बोलू नकोस. तू गेलास म्हणून तर तीन सामने खेळलो मी. नाहीतर बाटल्या वाहण्यातच जन्म गेला असता."

फलंदाजाला रडू आवरेना. मित्राची बायको उठली आणि त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"भावोजी, असला शब्द देऊ नका," ती हात जोडून म्हणाली. "पुढच्या वर्षीही जा तुम्ही. राखीव यादीत आता माझा धाकटा भाऊ पहिला आहे."