लॅपटॉपचा कौल

देवीच्या मूर्तीवर लावलेली डावी पाकळी पडली.

पांडुरंग गुरवाने ती उचलून तबकात ठेवली आणि मागे वळून सांगितलं, "बाबुराव, देवीन डावी दिली."

बाबुरावांचा चेहरा उतरला. उजवी म्हणजे हो, डावी म्हणजे नाही, हे पेडण्यात शेंबड्या पोरालाही कळतं. त्यात सुविधाच्या या थोरल्या काकांच्या घरात तर कौल लावल्याशिवाय मिक्सरसुद्धा आला नव्हता. बोअरवेलला देवीने उजवी दिली होती, पाणी मात्र खारट लागलं. त्यात देवीचा काय दोष? जागा काकांनी निवडली होती.

पण काका हार मानणारे नव्हते. घसा खाकरून ते पुतणीकडे वळले.

"आयकलंस मगो? देवीक लॅपटॉपच नाका. आता घराक चल. मोबायलार चललां हा ता चलय."

मोबाईलवर चालणारं असतं तर भांडण कशाला झालं असतं? सुविधा हरमलमधल्या खोल्यावाल्यांची बुकिंग सांभाळायची. कामात चोख म्हणून आणखी काही घरं तिच्याकडे यायला तयार होती. पण एवढ्या खोल्यांचा हिशेब, पाहुण्यांची ये-जा, फोटो, सगळं बोटभर पडद्यावर कसं मावणार? सीझन तोंडावर आला होता. आता लॅपटॉप हाती आला नाही, तर ती घरं दुसऱ्याकडे जाणार होती.

पैसे तिचेच होते, आईच्या खात्यात साठवलेले. महागडा घेणं झेपणार नव्हतं आणि स्वस्तातला टिकणार नव्हता. हरमलचा खारा वारा खिडक्यांच्या लोखंडी बिजागऱ्या खातो, तिथे लॅपटॉपच्या लेच्यापेच्या बिजागरीची काय कथा! पंधरवडाभर शोधाशोध करून तिने मधल्या भावातला एक पक्का केला होता. काळा, जाडसर, दिसायला अगदीच मठ्ठ. पण बांधणी दणकट, कीबोर्ड घट्ट, वीज गेली तरी बॅटरी दिवस काढणारी आणि दुरुस्तीची सोय म्हापशाला.

काकांना तो म्हशीसारखा दिसला. त्यांच्या मनात भरला होता भिकाजीच्या दुकानातला, रुपेरी आणि पापडासारखा पातळ. भिकाजी जत्रेच्या नाटकात काकांचा जोडीदार, तेव्हा त्याचा माल वाईट कसा असेल? पोरीचं तोंड एकदाचं बंद व्हावं म्हणून ते सगळ्यांना देवळात घेऊन आले होते. उजवीच पडणार याची त्यांना इतकी खात्री होती, की त्यांनी भिकाजीला तो बांधून ठेवायलाही सांगितलं होतं.

सुविधाला राग आला. असा आला की देवळात आवाज चढवू नये, हेही ती विसरली.

"काका, देवीक तुमी खंयचो लॅपटॉप इचारलात?"

"खंयचो म्हणजे? लॅपटॉप तो लॅपटॉप."

"नाय. पांडुरंगमामांनी गाराणा घातल्यांनी ता सगळ्यांनी आयकलां. भिकाजीकडलो घेवचो काय, असां इचारल्यांनी. देवी नाय म्हणता. मी तरी पंधरा दिस दुसरां काय सांगतंय?"

गुरवाने तबकाकडे बघत मान हलवली. "सवाल तसोच होतो, बाबुराव."

खांबाला टेकून बसलेल्या दोघा म्हाताऱ्यांना हसू आवरेना. काकांचे कान लाल झाले. चारचौघांत पुतणीने शब्द पकडावा, हे त्यांच्या जन्मात घडलं नव्हतं.

"बरां तर," ते म्हणाले. "पांडुरंगा, परत लाय. आता हिच्या लॅपटॉपाचो कौल घे. आणि डावी पडली, तर आमच्या घरात परत लॅपटॉपाचा नाव काढूचा नाय. कबूल?"

काकांशी सुविधा हवं तेवढं भांडली असती. पण देवीच्या पाकळीशी कोण भांडणार? लहानपणापासून ती या गाभाऱ्यापुढे हात जोडत आली होती. डावी पडली तर तो कौल मोडून घरात काही आणायची तिची छाती नव्हती, हे काकांना पुरतं ठाऊक होतं. गुरवाने पाकळी पाण्यात भिजवली.

"पांडुरंगा, थांब."

आवाज आईचा होता. बाबा गेल्यापासून कमलाक्षीने थोरल्या दिरासमोर कधी मोठ्याने मीठसुद्धा मागितलं नव्हतं. ती बायकांच्या रांगेतून उठून पुढे आली.

"ता आता इचारूक नाका. लॅपटॉप घराक इलो. शुक्राराच्या बाजाराक म्हापशाक गेललंय, तेव्हा घेऊन इलंय."

"तू तर मिरच्यो हाडूक गेल्लंस," काका म्हणाले.

"मिरच्यो पण हाडल्यो."

सुविधा आईकडे बघतच राहिली. "आये, पण खंयचो घेतलंस?"

"तू सांगतंस तोच गो. रोज फोनार बोलतंस, माका नावासकट पाठ जाला. दुकानदार आधी चकचकीत दाखवी होतो. झाकण उघडून हालवलंय, कुरकुरलां. म्हटलां, ह्यो तुझ्या घराक व्हर."

आता देवळात कोणी हसलं नाही. काका एक पाऊल पुढे आले. त्यांना राग आला होता, आणि खरं सांगायचं तर ते घाबरलेही होते.

"कमलाक्षी, एवढी मोठी वस्त घेतलंस, ती देवीक आधी न इचारता?"

आईने गाभाऱ्याकडे बघून हात जोडले. मग ती काकांकडे वळली, आणि पहिल्यांदाच तिने मान खाली घातली नाही.

"माका बालवाडीत नोकरी गावल्ली तेव्हा इचारलंलंय, भावोजी. डावी पडली, नोकरी सोडलंय. एकदा इचारलंय, ता पुरो."