रिकामं घर

"हे परत आलेत, असं तुझंच यंत्र सांगतंय. मग मी नाही येणार," आई म्हणाली आणि भरलेल्या बॅगेतले कपडे पुन्हा कपाटात ठेवू लागली.

मुलाने कपाळावर हात मारला. तिला आपल्या घरी न्यायला खाली गाडी उभी होती, आणि आईने हेका धरला होता. बाबांना जाऊन महिना झाला होता. तेव्हापासून मोबाइलवरच्या घराच्या नकाशात त्यांच्या खाटेवर एक ठिपका दिसत होता. आई स्वयंपाकघरात असली तरी तो तिथेच. संध्याकाळी ती खाटेशी खुर्ची ओढून त्याच्याशी बोलत बसे. जेवणावरची वासना उडालेली, अंगावर नुसती हाडं राहिलेली. तिला इथे एकटी ठेवली तर तीही फार दिवस काढणार नाही, हे त्याला दिसत होतं.

यंत्र त्याच्याच हातचं. बाबा लकव्याने अंथरुणाला खिळले, तेव्हा बसवलेलं. घरात कॅमेरा चालणार नाही, असं आईने बजावलं होतं, म्हणून भिंतींवर वायफायच्या लहरींवरून माणूस ओळखणाऱ्या चार डब्या. आई कुठे आहे, कुठे पडली-बिडली नाही ना, एवढं ऑफिसात बसून कळलं की झालं. ठिपका आईचा दिसे. बाबांचा कधीच दिसला नाही. निपचित पडलेला माणूस डब्यांना कळत नसेल, अशी त्याने मनाची समजूत घातली होती.

"आई, ते बाबा नाहीत. यंत्रात बिघाड आहे."

"जिवंतपणी दाखवले नाहीत ते आता दाखवतंय. त्यालाही दया आली असेल."

तो शांतपणे म्हणाला, "ऐक. डब्या आधी रिकामं घर पाठ करतात. मग त्यात काही वेगळं जाणवलं, की तिथे ठिपका. आपण ते पुन्हा करू, घर रिकामं करून. ठिपका गेला, तर येशील?"

आईने खाटेवरची चादर सारखी केली.

"येईन," ती म्हणाली.

दोघं जिन्यात येऊन उभी राहिली. त्याने दार ओढून घेतलं. 'घर रिकामं आहे का?' मोबाइलने विचारलं. 'हो' दाबायला त्याने बोट उचललं.

"तू डब्या बसवल्यास, तेव्हाही असेच उभे होतो इथे," आई म्हणाली. "तू, मी, सूनबाई. हेच बटण दाबलं होतंस ना?"

"हेच."

"आणि ह्यांना रे? ह्यांना खाटेवरून उचलून बाहेर कुणी आणलं होतं?"