हॅलो, फाइट!

“हॅलोफाइट!” दीक्षा आरशाकडे बघून म्हणाली. दुपारी कॉलेजात तिचा सेमिनार होता आणि सकाळपासून ती घरातल्या भिंतींना वनस्पतिशास्त्र शिकवत होती.

“हॅलो-फाइट?” शंकररावांनी पोह्यांच्या प्लेटीतून मान वर केली. “म्हणजे पहले हॅलो बोलायचं, मग फाइट करायची? झाडं पण राजवाड्याच्या बाजारात पार्किंग शोधतात काय?”

“पप्पा, ग्रीक शब्द आहे तो. हाल्स म्हणजे मीठ, फायटॉन म्हणजे झाड. खाऱ्या जमिनीत बाकीची झाडं मरून जातात. हे मस्त टिकतं.”

शंकररावांचे डोळे लकाकले. मंगळवारी बीपी चढलं तेव्हा डॉक्टरांनी त्यांचं मीठ बंद केलं होतं आणि दवाखान्यातून घरी येताच दीक्षाने शेवेचा डबा कपाटाच्या डोक्यावर चढवला होता. इंदूरकराला बिनशेवेचे पोहे म्हणजे उपासच. अशात विज्ञान स्वतःहून आपल्या बाजूला आलेलं पाहून ते स्टूल ओढायला उठले.

“हे काय करताय?”

“बेटा, मग आपण खानदानी हॅलोफाइट. सेमिनारमध्ये बिनधास्त सांग.” स्टुलावर चढून त्यांनी डबा काढला. “माझे आजोबा महूच्या पलटणीत होते. मिठाला जागणारे लोक आहोत आपण. बाकीचे मरतात, आपण टिकतो.”

खाली उतरून त्यांनी मूठभर शेव पोह्यांवर सोडली. शास्त्राने परवानगी दिलेली शेव! पहिला घास त्यांनी चमच्यात चांगला मोठा भरला.

दीक्षा हसली नाही. एरवी बापाच्या असल्या विनोदांना तीच आधी हसायची.

“मिठाला तुम्ही नाही जागत, पप्पा,” ती म्हणाली. “मी जागले. मंगळवारी, दवाखान्यात, रात्रभर. त्या बीपीच्या मशीनकडे बघत. लई घाबरली होती मी.”

घास तोंडापाशीच थांबला. पोरीशी वाद घालायला शंकररावांना मजा यायची, पण आज त्यांनी चमचा खाली ठेवला. डब्याचं झाकण नीट लावलं आणि प्लेट तिच्याकडे सरकवली.

“दुसरे दे,” ते म्हणाले. मग हळूच, “लिंबू तर चालतं ना? का त्यात पण काही ग्रीक निघालं?”