तिसरं कुलूप

दोन कुलपं निघाली. तिसऱ्याची चावी थोरलीच्या कमरेला होती आणि थोरली रुसून माहेरी होती.

तिची धाकटी जाऊ पेटीसमोर फतकल मारून बसली होती. धाकटीची मुलगी शहरातल्या दवाखान्यात बाळंतपणात अडली होती. पोट फाडावं लागेल, आधी रक्ताच्या बाटल्यांचे पैसे भरा, असं डॉक्टरांनी जावयाला सांगितलं. जावयाने सासूला सांगितलं. सासूने सांगायचं कुणाला? दुकानदार सोनं ठेवल्याशिवाय उसने देत नसे आणि तिच्या अंगावरचं सोनं याच मुलीच्या लग्नात त्याच्याच तिजोरीत जाऊन बसलं होतं. बाहेर रिक्षावाला भोंगा वाजवत होता.

पैसे होते. हातभर अंतरावर, पत्र्याच्या पेटीत होते.

ही पेटी मूळची साक्षरता वर्गाची. तेव्हा तिच्यात पाट्या आणि खडू असत. वर्ग सरकारी असल्यामुळे बायका जोडाक्षरांपर्यंत पोचल्या न पोचल्या तोच बंद पडला. बायका जमायच्या मात्र थांबल्या नाहीत. आकडे शिकून बसलोच आहोत तर त्यांना काही काम द्यावं, म्हणून त्यांनी बचत गट काढला. शिकवणाऱ्या बाई जाता जाता म्हणाल्या, "तीन कुलपं लावा आणि चाव्या अशा तिघींना द्या, ज्यांचं कधी संगनमत होणार नाही." बायकांनी हे फारच मनावर घेतलं. वस्तीत एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या तिघी शोधणं अवघड नव्हतं. तिघींवर थांबणं अवघड होतं. शेवटी शिंपीण, गिरणीवाली आणि थोरली यांची निवड एकमताने झाली.

"मला नको," थोरली तेव्हा म्हणाली होती. "माझ्या रागाचा भरवसा नाही."

"म्हणून तर!" सगळ्या एका सुरात म्हणाल्या.

तेव्हापासून दर बैठकीला आपल्या कुलपाला हात घालण्याआधी थोरली सगळ्यांना तोंडं फिरवायला लावायची. "बघताय काय? वळा तिकडे." शिंपीण पुटपुटायची, "जसा काही हिच्या बापाचा खजिना!" आणि वळायची. गटाचा नियमही एकच होता. तो भिंतीवर खडूने लिहिलेला होता. बायकांनी स्वतःच्या मनाने लिहिलेलं ते पहिलं वाक्य: 'दुसरीच्या कुलपाला हात लावायचा नाही.'

परवा मोरीच्या पाण्यावरून दोघी जावांचं वाजलं. मोरी धाकटीची, अंगण थोरलीचं. भांडण मोरीतून निघालं ते वाहत वाहत दोघींच्या माहेरापर्यंत गेलं. "मेले तरी तुझ्या हाकेला ओ देणार नाही," असं म्हणून थोरलीने पिशवी उचलली.

शब्दाला ती पक्की होती. सकाळपासून धाकटीचा फोन वाजला की कापत होती. शिंपिणीचा ती एरवीही घेत नसे आणि गिरणीवालीने तिचा नंबर कधीच पुसून टाकला होता. तिच्या माहेराकडची बस संध्याकाळी यायची. दवाखान्याला संध्याकाळपर्यंत थांबायला हरकत नव्हती. मुलीला होती.

धाकटी उठली. बाहेर जाऊन दगड घेऊन आली. शिंपीण पेटीवर आडवी झाली.

"वाचता येतं ना तुला? काय लिहिलंय भिंतीवर?"

"माझी पोर मरतेय गं!"

"आज तुझ्यासाठी फोडलं, तर उद्या कुणाला नाही म्हणायचं?" शिंपीण रडत होती, पण हटत नव्हती. नियम मंजूर करताना सगळ्यात आधी हात वर केला होता तो धाकटीनेच. कोपऱ्यात गिरणीवाली पिठाळ हातांनी डोळे पुसत उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक झाला होता, आणि एरवी त्यावर कुणीतरी हमखास विनोद केला असता.

दगड धाकटीच्या हातातून गळाला. तिने पुन्हा फोन उचलला. जन्मात तिने मेसेज लिहिला नव्हता. तोंड असताना बोटं कशाला झिजवायची, असं तिचं मत होतं. वर्गात थोरलीच्या शेजारी बसून, थोरलीच्या टपल्या खात गिरवलेली अक्षरं ती एकेक करून शोधू लागली. शेवटी तीनच शब्द झाले. 'पोर जाते. चावी.'

फोन लगेच वाजला.

"कुठं आहे पोरगी?" थोरली इतक्या मोठ्याने ओरडली की शिंपीण उठून बसली.

"दवाखान्यात. जाऊबाई, पाया पडते तुमच्या, कुणाच्या तरी हाती चावी..."

"चावी काय करायचीय? ओढ ते कुलूप."

धाकटीने भिंतीकडे पाहिलं. मग शिंपिणीकडे. शिंपीण बाजूला सरली. धाकटीने कुलूप ओढलं. ते अलगद तिच्या हातात आलं.

"पहिल्या दिवसापासून नुसतं अडकवतेय मी," फोनमधला आवाज फणकारला. "माझ्या रागाचा भरवसा नाही, सांगितलं नव्हतं का?"