पेटीची नवी काच

स्फॅक्स शहरातल्या आमच्या गॅरेजात गंजल्या भागांवर वाळूचा फवारा मारायची बंद पेटी आहे. बाबा स्टुलावर बसून तिच्या काचेतून बघत काम करायचे.

"लसाद, आतलं काही दिसत नाही रे. काच बदल."

"काचेला काय धाड भरलीय? तुमचेच डोळे गेलेत!" मी शेजाऱ्यांसमोर म्हणालो. सगळे हसले. बाबा पुन्हा गॅरेजात आले नाहीत. ऑलिव्हच्या हंगामात वारले.

काल जुनी काच काढली. वाळूच्या माऱ्याने ती आतून पार आंधळी झाली होती. शरमेने मी नवी बसवली, आत दिवाही लावला.

आज त्यांच्या स्टुलावर बसून, पेटीला आतून जोडलेल्या हातमोज्यांत हात घालून पहिला फवारा मारला. क्षणात नवी काच आतून पांढरी झाली. फक्त माझ्या डोळ्यांसमोर दोन गोल जागा लख्ख राहिल्या, आतून कुणी डोळे टेकवावेत तशा.

माझे हात अजून आतच होते. "बाबा," मी म्हणालो. पण खाली गेलेली नजर वर करवेना.