रुखमाची तपासणी

एरंडोलच्या सायरबाई आपल्या कापडदुकानाच्या माडीवर बहिऱ्या मुलींची शाळा चालवत. सरकारी अनुदान मिळालं नाही, तर ती बंदच करावी लागणार होती. तपासणीला आलेल्या साहेबांनी लहानग्या रुखमाच्या मागे जाऊन जोरात टाळी वाजवली. समोर बसलेल्या सायरबाई दचकल्या आणि रुखमानं झटकन मागे पाहिलं.

"बाई, हिला तर ऐकू येतं!"

"नाही हो साहेब. मी दचकले ना, ते बघून वळली ती."

"मग तुम्ही भिंतीकडे तोंड करून बसा."

सायरबाई वळून बसल्या. पुन्हा टाळी वाजली. रुखमानं मागे पाहिलंच नाही. ती धावत सायरबाईंकडे गेली आणि हनुवटी धरून त्यांचं तोंड आपल्याकडे वळवू लागली.

"अनुदानाची शिफारस करतो, बाई," साहेब हळूच म्हणाले.

सायरबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. ते पाहताच रुखमा मुठी आवळून साहेबांच्या अंगावर धावून गेली.