माझ्याच हातचं

माझी मांजर भीक मागत नाही, हुकूम सोडते. दुपारी एकला शिलाई मशीन थांबवलं नाही, तर गिऱ्हाइकाच्या कापडावरच फतकल मारते. आणि खाते फक्त माझ्या हातचं. मला त्याचा माज आहे, तो मी लपवत नाही.

पाय मोडला, चार दिवस दवाखान्यात पडून होते. "तुझ्या हातचं हुंगणारसुद्धा नाही ती," मांजरीला सांभाळायला घरी राहिलेल्या बहिणीला मी ठणकावलं होतं.

आज मला घरी आणलं, तर मांजर चांगली गुबगुबीत! माझं तोंडच पडलं.

"जिंकलीस गं बाई," मी म्हणाले. "खाल्लं तिनं तुझ्या हातचं."

"माझ्या कुठलं? रोज एकला तूच तर येऊन वाढत होतीस. एक शब्द बोलायची नाहीस. आजारपणात कसला गं एवढा ताठा?"

मी प्लास्टरकडे पाहिलं. चार दिवस मी पलंगावरून उठलेही नव्हते.

तेवढ्यात एक वाजला. मी ताटली पुढे केली. मांजरीनं माझा हात हुंगला आणि परक्यापुढून निघावं तशी शेपटी ताठ करून स्वयंपाकघरात गेली. तिथून तिनं हुकूम सोडला.

बहीण माझ्याशेजारीच बसली होती.

आत कुणीतरी पातेल्यावरचं झाकण काढलं, आणि मांजर लाडानं घुरघुरू लागली.